घरच्या गाडीला रिमोल्ड

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

गाडी आली! अवसरी खुर्दच्या मास्तरांची जुनी पांढरी गाडी दुपारी आपल्या अंगणात उभी राहिली. माझ्या बायकोने, नंदाने, स्वतः चालवत आणली. मी शेजारी बसून सारखा पाय दाबत होतो. माझ्या बाजूला ब्रेक नाही, हे पारगाव येईपर्यंत तिने दोनदा सांगितलं.

एकतीस वर्षं आळेफाट्याला टायर रिमोल्ड केले आणि मला चारचाकी चालवता येत नाही. झिजलेला टायर घासायचा, सोल्युशन लावायचं, नव्या रबराचा पट्टा चढवायचा, चेंबरमध्ये शिजवायचा – की पुन्हा रस्त्यावर जायला तयार. असे ट्रकच्या ट्रक उभे केले. स्वतः मात्र मोटरसायकलच्या पुढे सरकलो नाही. लायसन नंदाने काढलं. पन्नाशीत, पहिल्या फटक्यात.

गाडी झकास. फक्त चारही टायर गोटा. हात फिरवला तर माझ्या टकलाची आठवण यावी. नंदा म्हणाली, "नवे टाकू." मी म्हटलं, "आपल्या घरात? नवे?"

विषय तिथंच राहिला, कारण मामी बाहेर आल्या. मामी म्हणजे नंदाची आई, चिमाबाई. वय ब्याऐंशी. काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत जाऊन बसल्या.

३ फेब्रुवारी

मामींचं नीट लिहून ठेवायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

नंदाचा भाऊ ज्ञानेश्वर अजून मेंढरं राखतो. आमच्या घरातली मेंढरं माझ्या आज्याबरोबर संपली, त्यांची दोनशे शिल्लक आहेत. दरवर्षी दिवाळीनंतर कळप माळशेज उतरून कोकणात जातो आणि मृगाच्या आधी वर येतो. मामी साठ वर्षं कळपामागे पायी गेल्या. यंदा गुडघे राहिले. ज्ञानेश्वरने त्यांना आमच्याकडे आणून सोडलं आणि मान खाली घालून गेला.

तेव्हापासून म्हातारी जेवते, झोपते, विचारलं तेवढं बोलते. सकाळपासून दाराशी बसून रस्ता पाहते. कुणाच्या चार शेळ्या गेल्या तरी उठून उभी राहते. पाहवत नाही.

तेवीस तारखेला टोकावड्याजवळच्या तळावर कातरणी आहे. सगळे भाऊबंद जमून मेंढरांची लोकर कातरतात, मग मोठं जेवण. नंदाने आईला शब्द दिलाय – कातरणीला मी नेईन, माझ्या गाडीतून. म्हणून लायसन. म्हणून गाडी. आता घाट उतरायचा म्हणजे टायर हवेत, आणि वीस दिवस आहेत.

४ फेब्रुवारी

भांडलो. म्हणजे ती भांडली, मी समजावत होतो.

माझं म्हणणं सरळ. पैसे निम्मे लागतात हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मोठा. ज्या माणसाने जन्मभर लोकांना रिमोल्ड चांगला म्हणून सांगितलं, त्याने स्वतःच्या पहिल्या गाडीला नवे टायर घातले तर आळेफाट्याला तोंड कुठे दाखवायचं? हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणल्यासारखं व्हायचं.

नंदा भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "तुमच्या दुकानाची जाहिरात माझ्या आईला गाडीत बसवून करू नका," म्हणाली.

बायको हुशार असू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण वेळ पाहून असावी.

६ फेब्रुवारी

आळेफाट्याला गेलो. खांदा धरला म्हणून दिवाळीत काम सोडलं, त्यानंतर पहिल्यांदाच. कुशाबा – दुकानाचा मालक, माझ्याहून चार वर्षांनी लहान – गल्ल्यावरून उठून आला. "या भाऊ. मला वाटलं इसरले आमाला."

गाडीचं सांगितलं तर डोकं खाजवायला लागला. "बारक्या गाडीचं काम आता मी घेत न्हाई. नवे टायरच एवढे सोस्त झालेत, वाचतंय काय गिऱ्हाइकाचं? ट्रकची गोष्ट न्यारी. त्यांचा टायर महाग, सांगाडा दणकट. दोनदा पट्टा चढवला तरी वसूल."

मी म्हटलं, गिऱ्हाईक कोण आहे ते बघ आधी.

हसला. मागच्या शेडमध्ये बारक्या मापाचा जुना साचा पडून होता, या आठवड्यात भंगारात जायचा होता. ओढून काढला, धूळ झटकली. माझे चारही टायर ठोकून, दाबून, आतून हात घालून पाहिले. दोघांच्या बाजूला बारीक चिरा – बाद. दोन पास. बाद टायरवर खडूची फुली मीच मारली. टायर माझे असले म्हणून नियम बदलत नाही.

घरी येऊन तह केला. पुढे दोन नवे, मागे दोन माझे. नंदाने विचारलं, "हातानं करणार तुमी?" "हातानंच." "बरं," म्हणाली.

९ फेब्रुवारी

आज जे झालं त्याला सुख म्हणायला हरकत नाही.

सकाळी आठला दुकानात. टायर घासायच्या मशीनवर चढवला आणि तो वास आला – गरम रबराचा, घशात बसणारा. तीन महिने मी घरात अगरबत्तीचा वास घेत होतो आणि मला वाटत होतं मी आराम करतोय. कसला आराम! खांदा ठणकत होता. ठणकू दे. सोल्युशन दोनदा लावलं, वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. पट्टा चढवताना सांधा असा जुळवला की बोट फिरवून सापडू नये. कामावरची पोरं भोवती उभी राहिली. तीन वेळा चहा आला आणि तिन्ही वेळा तो गार झाला.

नंदाने दोनदा आंघोळ करायला लावली. तरी जेवताना नाक मुरडत होती.

१० फेब्रुवारी

शिजले. सुरेख उतरले!

१२ फेब्रुवारी

चारही टायर बसले. नंदाने कारखान्यापर्यंत फेरी मारली. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून अशी काढली गाडी, की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो. मागची चाकं सुरात चालली होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत होतो, तर म्हणते, "आत घ्या मान, लोक म्हनतील पावन्याला गाडी लागली."

पण गंमत पुढे आहे. संध्याकाळी ती बचत गटातल्या बायकांना गाडी दाखवत होती. पुढचे नवे टायर तिने दाखवलेच नाहीत. सगळ्यांना मागे नेलं. "ह्ये ह्यांनी सोता केलेत." दारामागे उभा राहून मी ऐकलं. दोनदा म्हणाली.

१४ फेब्रुवारी

मामींनी आज टायर पाहिले. कुणी बोलावलं नव्हतं. मी गाडी पुसत होतो, त्या येऊन उभ्या राहिल्या. मेंढराची पाठ चाचपावी तसा मागच्या टायरवर तळवा ठेवला, दाबला, नक्षीतून बोट फिरवलं. मला उगाच परीक्षेला बसल्यासारखं झालं.

"चांगलं केलंया," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पावणं, एक इचारू? साठ वरीस म्या रस्त्याच्या कडंला हुबी ऱ्हायले, टरका जाईस्तवर मेंढरं धरून. टरकाला मागं दोन-दोन चाकं असत्यात शेजारी शेजारी. हिला येकयेकच हाय. मंग ह्याला काय झालं तर ह्याला धरतं कोन?"

मी हसलो. म्हटलं, मामी, ट्रकला वजन असतं म्हणून जोडचाकं. गाडी हलकी, हिला नको.

"आसंल बाई," म्हणाल्या आणि आत गेल्या.

१५ फेब्रुवारी

दुपारपर्यंत तीच गोष्ट डोक्यात. गाडी पुसून झाली, तरी पुसतच होतो.

खरं लिहायचं तर इथेच लिहिता येईल. एकतीस वर्षांत माझ्या हातचे पट्टे सुटले नाहीत असं नाही. मला माहीत असलेले तीन. तिन्ही वेळा ड्रायव्हर दुकानात आला, शिव्या दिल्या, चहा प्याला, दुसरा टायर घेऊन गेला. एकाने तर ओतूरपासून फाट्यापर्यंत तसाच ट्रक आणला होता. आम्ही हसलो होतो त्यावर. मी सगळ्यांना सांगत फिरलो – बघा, पट्टा सुटला तरी माझ्या टायरने दगा दिला नाही!

पण ट्रक आला कसा? शेजारच्या चाकावर आला. इतकी वर्षं मी ज्याला माझ्या हाताची खात्री समजत होतो, त्यातली निम्मी खात्री शेजारच्या चाकाची होती. हे मला कळायला एकतीस वर्षं लागली, आणि कळलं ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीकडून. चाकाला धरतं कोण, एवढंच तिने विचारलं. मेंढरं राखणाऱ्याला ते आधी दिसतं. टायरवाल्याला फक्त टायर दिसतो.

टायर वाईट नाहीत. तेही लिहून ठेवतो. मन लावून केलेत, साधे चाललो तर चालतील. पण "चालतील" हा शब्द मी गिऱ्हाइकाला म्हणायचो. घाटात, मागच्या सीटवर मामी बसलेल्या असताना तो पुरत नाही.

१६ फेब्रुवारी

नंदाला सांगायचं धाडस नाही. त्याऐवजी दिवसभर मूर्खपणा केला.

सकाळी म्हटलं, घाटात चाळीसच्या वर जायचं नाही. का? पेट्रोल वाचतं. दुपारी म्हटलं, सामान कमी घेऊ. का? उगाच. संध्याकाळी म्हटलं, एसटीने गेलं तर? तिने हातातली वाटी खाली ठेवली. "तुमाला माझ्या चालवन्याची भीती वाटती का?"

नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. रात्रीची भाजी आळणी होती आणि मी मीठ मागितलं नाही.

१८ फेब्रुवारी

कुशाबाकडे गेलो. सरळ विचारलं – तुझ्या घरच्या गाडीला कुठले टायर आहेत?

गल्ल्यातल्या पावत्या सारख्या करायला लागला. मी उभाच. शेवटी म्हणाला, "नवे."

"चारही?"

"चारी."

"अरे मग मला बोलला का नाहीस?"

"तुमी कुटं इचारलं भाऊ? तुमी सांगत व्हता. आनी त्या दिवशी मशीनवर हुबे ऱ्हायले तवा तुमचं तोंड बगितलं म्या. म्हनलं, करू द्या. सांगू पुढं कवातरी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ट्रकला आपला माल शंभर टक्के. त्यात मी कुनाचं ऐकून घेनार न्हाई. घरच्या गाडीचा हिशोब येगळा. वाचतात किती, त्यापेक्षा बसतंय कोन, ते बगायचं."

इतकी वर्षं सोबत काम केलं आणि मालकाच्या गाडीचे टायर कधी वाकून पाहिले नाहीत. मला राग यायला हवा होता. हसूच आलं. दोघेही इतके हसलो की पोरं मशीन बंद करून बघायला आली.

१९ फेब्रुवारी

सांगितलं. सगळं – जोडचाक, तीन पट्टे, कुशाबाची गाडी.

वाटलं होतं नंदा म्हणेल, मी सांगत नव्हते? ती म्हणाली नाही. पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं रडते. हसत होती! "म्हंजे पेट्रोल वाचतं ते ह्ये व्हय? आनी मी चार दिवस समजती, नवऱ्याला माझा भरवसा न्हाई."

मग हसू थांबलं आणि चेहरा पडला. म्हणाली, "पर मी समद्या बायकांना सांगितलंय. तुमी केलेत म्हनून." इतकं वाईट तिला नव्या टायरसाठी भांडतानाही वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, त्यांनाही सांग. टायर चांगले आहेत, पण त्याहून तुझी आई चांगली आहे.

भाजीत आज मीठ बरोबर होतं.

२० फेब्रुवारी

मंचरला जाऊन मागे दोन नवे बसवले. दुकानदार पोरगा माझे टायर उतरवताना म्हणाला, "काका, हे कुणी केलेत? सांधा दिसत नाय कुठं." मी म्हटलं, आहे एक ओळखीचा.

दोन्ही घरी आणून गोठ्याशेजारी ठेवले. एकात कोंबडी जाऊन बसली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

हात दुखेपर्यंत लिहिणार आज.

पहाटेच निघालो. मामींना पुढे बसवलं. सीटचा पट्टा लावताना कुरकुर – "बांदून ठिवती का काय मला?" मी मागे, भाकऱ्यांच्या गाठोड्याशेजारी. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर. ओतूरपर्यंत म्हातारी गप्प. मढ ओलांडलं, हवा गार लागली, आणि तिला कंठ फुटला. तीन महिन्यांत बोलली नाही एवढं त्या अर्ध्या तासात बोलली. ह्या झाडाखाली मुक्काम. ह्या ओढ्याला पहिलं पाणी. हितं वाघरू आलं तवा कुत्र्यानं परत लावलं. हितं एका टरकवाल्यानं सात मेंढरं चेंगरली आन् मंग बसून रडला बिचारा. बाहेरच्या पाट्या वाचून मला जेवढं कळत होतं, त्याच्या दसपट तिला माहीत.

नंदा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, जीभ दाताखाली. वळणं अशी घेत होती की चहाचा कप ठेवला असता तर सांडला नसता. मागच्या चाकांचा आवाज मी ऐकलाच नाही. ऐकायचं लक्षातच राहिलं नाही!

निम्म्या घाटात मामी म्हणाल्या, "थांब." नंदाने कडेला जागा बघून थांबवली.

"हितं तू झालीस नंदे."

नंदाला एवढंच माहीत होतं की घाटात जन्मली. कुठे, ते कुणी दाखवलं नव्हतं. मामी खाली उतरल्या नाहीत, काचेतूनच काठीने दाखवलं. "कळप थांबना. पानी पुढं व्हतं. तुज्या बापानं घोंगडीचा आडोसा धरला. दोन घंट्यानं उटले, तुला पाटीत घातलं आन् चालाय लागले." एवढंच. कातरणीला किती माणसं येतील ते सांगावं, तसं सांगितलं.

नंदाने इंजिन बंद केलं. मग उतरली, दगडी कठड्याचा फोटो काढला आणि पुण्याला आमच्या लेकीला, साक्षीला, पाठवला. तिचा लगेच उलटा प्रश्न – हे काय आहे? नंदाने लिहिलं, माझं जन्मगाव.

मी मागच्या सीटवर डोळे पुसले. लपवायला कुणी नव्हतं, दोघी पुढे पाहत होत्या.

तळावर पोचलो तेव्हा कातऱ्या चालू होत्या. तीसेक माणसं. मामी गाडीतून उतरताच कुत्री धावली, ज्ञानेश्वर धावला, आणि म्हातारीने पहिलं वाक्य काय बोलावं? "कातरीला धार न्हाई तुज्या. दे हिकडं." पाय पसरून बसली, एक मेंढरू मांडीशी ओढलं आणि कातरायला लागली. गुडघे गेलेत, हात जिथल्या तिथे आहेत. लोकर घोंगडीसारखी अखंड उतरली.

मलाही एक मेंढरू दिलं. मी कातरलेलं मेंढरू उठून उभं राहिलं तेव्हा सगळा तळ हसला. कुठे टक्कल, कुठे झुबके. ज्ञानेश्वर म्हणाला, "दाजींनी घासून ठेवलंय, आता पट्टा चढवा." नंदा हसून हसून खाली बसली.

जेवण, गप्पा, पुन्हा चहा. निघायची वेळ झाली तर मामी कोकरू मांडीवर घेऊन बसलेल्या. "तुमी व्हा पुढं. मी आठ दिस ऱ्हाते." नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. आपली गाडी आहे की, रविवारी येऊ न्यायला.

घाट चढताना पुढची सीट माझी. नंदा गाणं गुणगुणत होती. मी पाय दाबला नाही.

२६ फेब्रुवारी

मामींच्या जागेवर दाराशी बसून पाहिलं. तिथून दिसतो तो फक्त रस्ता. तीन महिने हेच पाहिलं त्यांनी.

२ मार्च, रविवार

गाडी पुसून तयार, नंदाने आईसाठी बसायला उशी घेतलेली, तेवढ्यात ज्ञानेश्वरचा फोन. "दाजी, आईला न्यायला येऊ नका. ते दोन टायर घेऊन या." मुरबाडच्या भंगारातून चाकांचा आस मिळालाय, रिमही मिळाल्यात. घोडीला जोडायचा हलका गाडा करतोय. म्हातारीने स्वतः सांगून करवून घेतलाय – मृगाच्या आधी ती कळपाबरोबर घाट चढणार, गाड्यात बसून.

मग मामींनीच फोन घेतला. "पावणं, तुमचे टायर मेंढराच्या चालीनं टिकत्याल का?"

"दहा वर्षं, मामी."

"मला लई झाली," म्हणाल्या.

कोंबडीला उठवलं. टायर पुसून डिकीत टाकलेत. नंदा हॉर्न वाजवते आहे.